वर्ध्याची हद्द आणि वर्ध्याची कोंडी

२०११ च्या जनगणनेत वर्धा नगरपरिषदेच्या हद्दीत १,०६,४४४ माणसे मोजली गेली. खरे वर्धा तेव्हाही त्याहून मोठे होते. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी ही कागदावर वेगळी गावे. डोळ्यांना मात्र शहर कुठे संपले आणि गाव कुठे लागले हे कळत नाही. माणसे राहतात ग्रामपंचायतीत आणि शाळा, कचेरी, बाजारासाठी रोज येतात नगरपरिषदेत. त्यात सावंगी आणि सेवाग्रामची मोठी रुग्णालये आणि नागपूरला अपडाऊन करणारा नोकरदार. आर्वी नाका किंवा बजाज चौकात वाहने अडकली की रस्ता अरुंद आहे, असे आपण लगेच म्हणतो. माझ्या मते कोंडीचे मूळ रस्त्याच्या रुंदीपेक्षा तुकड्यातुकड्यांत वाटलेल्या कारभारात आहे.

एकेक लेआउट मंजूर होताना आतले रस्ते आखले जातात, पण ते शेजारच्या लेआउटला जोडले जातातच असे नाही. मग दोन गल्ल्या पलीकडे जायचे असले तरी मुख्य रस्त्यावर यावे लागते. तो मुख्य रस्ता एका खात्याचा, त्यावरचे अतिक्रमण दुसऱ्याच्या अखत्यारीत, सिग्नल पोलिसांकडे, ऑटोचे परवाने परिवहन कार्यालयाकडे, बसफेऱ्या एसटीकडे. पिपरीतून रेल्वे स्थानकापर्यंतचा प्रवास अखंड धरून त्याचा विचार करणे हे यातल्या कुणाचेच काम नाही. म्हणून ज्याला परवडते तो दुचाकी घेतो, आणि घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसामागे एक दुचाकी चौकात येऊन उभी राहते.

रस्ते रुंद करा, आणखी उड्डाणपूल बांधा, हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण अमेरिकेतील शहरांचा अभ्यास करून ड्युरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिले की रस्ते जितके वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात त्यांवरची वाहतूकही वाढते. आपल्याकडे तर रुंद केलेली पट्टी वाहनतळ होऊन बसते. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, लांबच्या वाहनांची सोय झाली. पण त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. आर्वी नाक्यावरची गर्दी ही दोन-चार किलोमीटरच्या प्रवासाची गर्दी आहे. ती महामार्गाने कमी होणारी नाही.

मग हद्दवाढ करून टाका, असे काही जण म्हणतील. गावांचा विरोध मात्र निराधार नाही: कर वाढेल, सुविधा येईलच याची खात्री नाही, आणि हाताशी असलेला सरपंच जाईल. हा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो, वाहतुकीने त्याच्यासाठी थांबायचे कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने कुठे उभी राहतील ते ठरवता येते. राज्याची २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली इमारतीत पार्किंग सक्तीचे करते; त्या जागेत दुकान थाटले असेल तर कारवाईला नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी नगरपरिषद आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींना एकत्र बसवून सगळ्यांचा मिळून एक वाहतूक आराखडा करावा, एवढे आजही शक्य आहे.

त्या आराखड्यात पहिले स्थान मी बसला देईन. लहान शहरात बस तोट्यात जाते, हा आक्षेप अनुभवावर आधारलेला आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण बस तोट्यात जाते ती बहुधा तासाभराने येते म्हणून. जिचा भरवसा नाही तिची वाट कोण पाहणार? सावंगी, आर्वी नाका, बसस्थानक, रेल्वे स्थानक, सेवाग्राम असा एकच मार्ग निवडावा. त्यावर विद्यार्थी, परिचारिका, रुग्णांचे नातलग आणि पासधारक असा रोजचा, ठरलेला प्रवासी आहे. लहान बस दर पंधरा मिनिटांनी सोडावी आणि तिच्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा नागपूरच्या गाड्यांशी जुळवाव्यात. तूट आली तर ती नगरपरिषद आणि मार्गावरच्या ग्रामपंचायतींनी लोकसंख्येच्या प्रमाणात उचलावी, आणि एक वर्ष तरी फेऱ्या कमी करू नयेत.