पाडण्याआधी बांधून तर बघा!

मित्रांनो, मोहोळच्या जुन्या भागात माळवदाचे दगडी वाडे अजून उभे आहेत. त्यांचं काय करायचं असं आपल्यापैकी कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं : पाडा आणि आरसीसी उभं करा! मला हे पटत नाही.

"मग किल्लारी विसरलास काय?" असं कुणी म्हणेल. विसरलो नाही, उलट माझा मुद्दाच तो आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या शेजारच्या लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागात सुमारे ८,००० माणसं गेली. दोष नुसत्या जुनेपणाचा नव्हता. भिंती दोन-अडीच फुटी, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगड-मातीची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. शिवाय डोक्यावर माळवदाच्या मातीचं ओझं. हादरा बसला आणि थर सुटे झाले. म्हणजे नुसती जाडी कामाची नाही, जोडणी हवी.

आणि जोडणी मागाहूनही करता येते! आयएस १३९३५ उघडून बघा. भिंतीला ठराविक अंतराने आरपार भोक पाडून आकड्याची सळई घालायची, काँक्रीट भरायचं. दारं-खिडक्यांच्या वर जाळी व सिमेंटचा पट्टा देऊन चारी भिंती एकत्र बांधायच्या. माळवदावरची जादा माती उतरवायची.

खरी वाट लागते ती अर्धवट सुधारणेने. मागे नवं स्वयंपाकघर काढताना बीमचं टोक सरळ जुन्या भिंतीत घुसवतात. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुना पाया बसलेला, नवा अजून बसायचा. मग भिंतीला भेग पडणारच. भूकंपात तर दोन्ही बांधकामं वेगवेगळी डोलून एकमेकांवर आपटणार. त्यापेक्षा नव्याला स्वतःचे कॉलम द्या, मध्ये फट सोडा.

सगळेच वाडे वाचतील असं मी म्हणत नाही. तुळई पोखरली असेल, भिंत पोट काढून बाहेर आली असेल आणि सावरण्यापलीकडे गेली असेल, तर उतरवावीच लागेल. आत माणसं राहतात. पण हे तपासून ठरवावं, लांबून बघून नव्हे.

हेरिटेज यादीतल्या इमारतींसाठी मुंबईत समिती आहे. यादीत नसलेल्या वाड्याची बाजू कोण घेणार? सर, यंदा शेवटच्या वर्षाचा एक तरी प्रोजेक्ट यावर होऊ द्या!