गळका माठ आणि विजेचे बिल

गेल्या मे महिन्यात शेजारच्या वहिनी विजेचे बिल घेऊन घरी आल्या. "भाऊ, तुम्ही आकडेमोडीतले माणूस. हे बरोबर आहे का, जरा पाहून सांगा," म्हणाल्या. बिल 412 युनिटचे होते आणि त्यात चूक नव्हती. सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या. नागपूरचा उन्हाळा त्यांना सोसवेना, म्हणून मुलाने जुना दीड टनाचा ए.सी. खिडकीत बसवून घेतला. बिल आले आणि घरात निकाल लागला : सून दार उघडे टाकते म्हणून बिल वाढते, उद्यापासून ए.सी. बंद! शिक्षा मात्र सासू-सून दोघींना झाली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. पंखा बंद केला, उदबत्ती पेटवली आणि दार-खिडक्यांच्या कडेने हळूहळू फिरवली. धूर सरळ वर न जाता बाजूला ओढला जाईल तिथे फट आहे, असे समजावे. लावलेल्या दाराखाली धूर हलला. खिडकीच्या पल्ल्यांपाशी हलला. ए.सी.च्या दोन्ही बाजूंनाही हलला.

आता हिशेब करू. दार 90 सेंटीमीटर रुंद आणि खाली फक्त एक सेंटीमीटर फट, म्हणजे 90 चौरस सेंटीमीटरचे भोक. विटेचे टोक साधारण एवढेच असते. भिंतीला एवढे भोक ठेवून आपण खोली गार करू पाहतो. माठ गळका असेल तर पाणी भरणारीला दोष देऊन काय उपयोग?

जुना दीड टनी ए.सी. चालू असताना तासाला साधारण दीड युनिट खातो. खोली गार झाली की त्याचा कॉम्प्रेसर थांबतो. गरम हवा आत येतच राहिली तर त्याला विश्रांती मिळत नाही. रोज एक तास जरी तो जास्त थांबला, तरी महिन्याला 45 युनिट वाचतात. आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर 100 युनिटनंतर चढतो, 300 नंतर आणखी चढतो. म्हणजे वाचणारी युनिटे सर्वांत महाग टप्प्यातली असतात.

उपाय साधे आहेत. चौकटीची धूळ पुसून, ती कोरडी करून फोमची चिकटपट्टी लावावी. पट्टी जाड घेऊ नये, पल्ला नीट मिटला पाहिजे. दाराखाली रबराची पट्टी स्क्रूने बसवावी, किंवा जुन्या साडीच्या लांब पिशवीत वाळू भरून ती दाराला लावून ठेवावी. भिंत आणि चौकट यांच्यामधली भेग सिमेंटने किंवा पुट्टीने भरावी. सरकत्या खिडकीची केसाळ पट्टी झिजली असेल तर बदलावी. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ताटी किंवा जाड कापड लावावे. ऊन काचेबाहेरच अडले पाहिजे. ए.सी. 24 ते 26 अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राचे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगते.

मात्र दोन गोष्टी विसरू नका. कूलरचा नियम उलटा आहे. तो बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. समोरची खिडकी उघडी नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. तिथे फटी बुजवून फायदा नाही. दुसरी गोष्ट जिवाची आहे. स्वयंपाकघर, गॅस गिझरची न्हाणी आणि जिथे चूल किंवा शेगडी पेटते ती जागा कधीही बंदिस्त करू नका. जळणाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही.

रविवारी मुलगा, सून आणि मी मिळून पट्ट्या लावल्या. रात्री ए.सी. सुरू केला. काही वेळाने 'खट्' आवाज झाला आणि कॉम्प्रेसर थांबला. मुलगा म्हणाला, "बिघडला वाटते." मी म्हणालो, "नाही, आज पहिल्यांदा बरोबर चालला."

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी सासूबाईंच्या अंगावर पातळ चादर घातली आणि बाहेर पडताना दार ओढून घेतले. ते दार त्या आधीही तसेच ओढून घेत होत्या.

भगिनींनो, बांधवांनो, बिल वाढले की घरात गुन्हेगार शोधण्याआधी उदबत्ती पेटवून एकदा फट शोधा.