सर्व्हर कोणाच्या भरवशावर?

वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ठप्प झाले, की त्याची झळ अंबरनाथच्या बुवापाड्यातून सौदे करणाऱ्या गुंतवणूकदारालाही बसते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबलेले व्यवहार दुपारी पावणेचारला सुरू झाले. दरम्यान अनेक दलालांनी जोखीम नको म्हणून ग्राहकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिटवून टाकले होते. व्यवहारांची वेळ पाच वाजेपर्यंत वाढेल, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

प्रारंभी खापर दूरसंचार वाहिन्यांवर फुटले. वाहिन्या तुटल्या हे खरेच. पण पर्यायी व्यवस्था असते ती अशाच प्रसंगासाठी. बाजाराने पुढे दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, माहिती साठवणाऱ्या यंत्रणेत पुरवठादाराने केलेली रचना ठरलेल्या आराखड्याबरहुकूम नव्हती. तसे असेल, तर ती प्रत्यक्ष प्रसंगापूर्वीच्या चाचणीत का आढळली नाही, हा प्रश्न उरतोच.

लिनक्सवर सर्व्हर चालविणाऱ्या संस्थांनीही यातून बोध घ्यायला हवा. लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्रसामग्री आणि सॉफ्टवेअर यांना जोडणारा गाभा, सर्वांना खुला आहे. त्यात गरजेनुसार फेरफार करून सर्व्हर अधिक चपळ करता येतो. मात्र हार्डवेअर पुरवठादार आपल्या ड्रायव्हरची हमी बहुधा ठरावीक आवृत्त्यांपुरतीच देतात. फेरफार केलेल्या कर्नलवर सर्व्हर कोसळला, की पुरवठादार कर्नलकडे बोट दाखवतो आणि कर्नल बांधणारा हार्डवेअरकडे. ग्राहक मात्र ताटकळतो. लंडन शेअर बाजाराने फेब्रुवारी २०११ मध्ये लिनक्सवर आधारित प्रणाली स्वीकारली आणि त्याच महिन्यात तेथील व्यवहार काही तास बंद पडले. केवळ प्रणाली बदलून स्थैर्य येत नाही, हाच त्याचा अर्थ.

बिघाडानंतर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करण्याचा निर्णय आणि तेथून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू, असा दंडक ‘सेबी’ने मार्च २०२१ मध्ये घातला. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, शेअर बाजारांनी पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहार करून पाहिले. हाच मार्ग योग्य आहे. सहकारी बँका आणि नगरपालिकांनीही कर्नल बदलण्यापूर्वी त्याची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहून घ्यावे. आणि पुरवठादाराच्या शब्दावर न विसंबता स्वतः जोडणी तोडून पाहावी. हमीचा कागद कितीही भारदस्त असला, तरी बंद पडलेला सर्व्हर त्याने सुरू होत नाही.