खोगीर नेमकं कुणाच्या मापाचं?

मार्गशीर्ष जवळ आला की आपल्या डिंडोलीत सारंगखेड्याच्या गोष्टी सुरू होतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं गाव शहादा, नंदुरबार, शिंदखेडा याच पट्ट्यातलं. उधन्याला गाडीत बसायचं, दोंडाईचाला उतरायचं आणि पुढे रस्त्याने तापीकाठी. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताचं दर्शन आणि मग घोडेबाजार. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, काठियावाड, कुठून कुठून घोडे येतात. लाखांच्या किमती ऐकून आपण मान डोलावतो आणि भजी खाऊन परत येतो.

माझ्या मावसभावाने मात्र मागे तिथून खरंच एक घोडी घेतली. काठियावाडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली. शेतावर हौसेला आणि लग्नसराईत नवरदेवाला. घोडी पारखायला त्याने तीन जाणकार नेले होते. जीन मात्र दुकानातलं सगळ्यांत चमकदार दिसलं ते उचललं.

दोन महिन्यांत घोडी बदलली. जीन आणलेलं दिसलं की कान मागे, तंग आवळताना चावायला धावायची. 'खोडील निघाली, विकून टाकतो,' असं त्याने मला फोनवर सांगितलं. नशीब की त्याच्या ओळखीत घोडदळातून निवृत्त झालेले एक काका आहेत. जीन बसवून देणं, दुरुस्त करणं हेच काम ते आता करतात. त्या रविवारी मीही गावी होतो.

काकांनी आधी जीन पाहिलंच नाही. घोडीला सपाट जागी उभं केलं आणि पाठीवरून हात फिरवला. एका जागी दाबताच तिने पाठ खाली घेतली. तिथेच रुपयाएवढे पांढरे केस उगवले होते. सतत दाब पडून कातडीतली केसांची मुळं दुखावली की तिथे पांढरे केस येतात. मग थोडं पळवून जीन काढलं. घामाने पाठ ओली, पण दोन्ही बाजूंना दोन कोरडे डाग. कोरडी जागा म्हणजे तिथे दाब इतका की घामसुद्धा येत नाही.

त्यानंतर नमदा न घालता नुसतं जीन पाठीवर ठेवलं. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या हाडाच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा हवी. इथे एक बोटही जाईना. जिनाच्या दोन गाद्यांमधून, मागून पाहिलं तर पुढचा उजेड दिसायला हवा, कारण कण्यावर काहीच टेकता कामा नये. वजन पेलायचं ते कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंनी आणि खालच्या फासळ्यांनी. घोड्याला फासळ्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटच्या फासळीच्या मागे जीन गेलं की भार थेट कमरेवर. आमचं जीन तिथेही चार बोटं मागे.

'नमदा जाड घाला ना,' भाऊ म्हणाला. इथेच तर घोडं पेंड खातं. अरुंद जिनाखाली जाड नमदा म्हणजे घट्ट बुटात दोन मोजे. आणि जिनाच्या गादीत चिंध्या कोंबल्या तर? काका हसले. 'खोगीरभरती' हा शब्द आपण ऑफिसात रोज वापरतो (मीटिंगांबद्दल तर फारच), पण तो मुळात या चिंध्यांचा आहे. चिंध्यांच्या गाठी होतात आणि त्या टोचतात. चांगल्या जिनात लोकर भरतात, तीही कमी-जास्त करता येते. कारण पाठ एकसारखी राहत नाही. चारा, काम, वय, ऋतू यांनी ती बदलते, म्हणून वर्षातून एक-दोनदा माप तपासायचं.

काकांनी वाकणारी पट्टी पाठीवर तीन ठिकाणी दाबून आकार पुठ्ठ्यावर उतरवून घेतला. मग भावाला बसवलं. त्याच्या मागे जिनाच्या काठापर्यंत हाताच्या पंजाएवढी जागा हवी, ती नव्हती. वजन विचारलं. ८२ किलो. घोडी अंदाजे ३५० किलोची. स्वार आणि जीन मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत, असा ठोकताळा आहे. म्हणजे ७० किलो. जीनच ८ किलोचं. भाऊ काही बोलला नाही. काकाच अहिराणीत म्हणाले, "जीन तुनं नही, घोडीनं शे."

घोडी विकली नाही. आधी सहा आठवडे तिची पाठ मोकळी ठेवली. रुंद सांगाड्याचं, आखूड गादीचं जीन आणून त्यात लोकर भरून घेतली. नंतर काकांनी तिला चालवून, दुडकी पळवून पुन्हा पाहिलं. आता तिच्यावर भावाचा मुलगा बसतो, ५४ किलोचा.

माझ्या डोक्यात मात्र वरात घोळत राहिली. सजवलेलं जड जीन, त्यावर नवरदेव, पुढे बसवलेलं भाचरू आणि डीजेसमोर दोन तास. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जखमेमुळे कामाला अयोग्य झालेल्या जनावराला जुंपणं गुन्हा आहे, पण मखमलीखाली बघतो कोण? तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे बुकिंग सुरू होतात. इसार देण्याआधी घोडीवाल्याला झूल उचलायला सांगा आणि पाठीवरून एकदा हात फिरवा. माझ्या चुलतभावाची वरात आहे, त्या घोडीची पाठ बघायला मी या शनिवारी जाणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर संध्याकाळी पाचला निघू.