मोटारींचे भाट

पुण्याचे वृत्तपत्र टपालाने दोन दिवस शिळे होऊन आमच्या घरी येत असे, त्या काळापासून मोटारींवरील लेखन आम्ही आवडीने वाचत आलो आहोत. बातम्या शिळ्या वाटत, पण मोटारीचे वर्णन कधी शिळे वाटले नाही. त्याचे कारण पुढे ध्यानात आले. ते मुळात ताजेच नसते. गाडीचे नाव बदलावे, मजकूर तोच ठेवावा. समोरून आक्रमक, बाजूने डौलदार, इंजिन चपळ, आसने ऐसपैस आणि अखेरीस 'या किमतीत उत्तम पर्याय'. एवढे लिहिण्यासाठी मोटार चालवावी लागते, असे आम्हांस वाटत नाही.

आपली घराणी शिंदे, होळकर, पवार यांच्या फौजांमागून आणि कचेऱ्यांमागून या मुलखात आली. दरबारात भाट असत आणि ते धन्याची स्तुती करीत. परंतु भाटाला आपण भाट आहोत हे ठाऊक असे, आणि ऐकणाऱ्यालाही. आजचा मोटारलेखक मात्र स्वतःला परीक्षक म्हणवतो. आमची तक्रार आहे ती येथे.

या व्यवसायाचा दिनक्रम व्यवसायातील मंडळींनीच वेळोवेळी लिहिला आहे. कंपनीचे निमंत्रण येते, विमानाचे तिकीट येते. एखाद्या तळ्याकाठच्या हॉटेलात मुक्काम होतो. सकाळी टाकी भरलेली, धुऊन पुसून लखलखीत केलेली गाडी हाती मिळते. रस्ता कंपनीने निवडलेला, गुळगुळीत आणि बहुधा रिकामा. दुपारी अभियंत्यांशी गप्पा, सायंकाळी परत. लेख कोणत्या दिवशी, किती वाजल्यानंतर छापावा, हेही कंपनीच सांगते. पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी, दुसरे तळे. यात लाच आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या चटणीला नावे ठेवणे जड जाते, हे कोणत्याही गृहस्थास समजावे.

इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मोटार घेतली आणि तिची बॉडी इंग्लंडमधील गर्नी नटिंग या कारागिरांकडून बांधवून घेतली. ती राजाची हौस होती. तिचे वर्णन हौसेने झाले तर त्यात गैर काहीच नव्हते. परंतु १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली आणि हळूहळू मोटार नोकरदाराच्या दारी आली. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून, मुलीच्या लग्नाचा हिशेब पुढे ढकलून लोकांनी गाड्या घेतल्या. ग्राहक बदलला, वर्णनाची भाषा मात्र राजवाड्यातलीच राहिली.

शासकीय सेवेत असताना आम्ही मोटारीविषयीचे एक निराळे लेखन पाहिले. जिल्ह्याच्या कचेरीतील आमच्या जीपचे चालक, ज्यांना सारे 'उस्ताद' म्हणत, दररोज लॉगबुक भरीत. निघताना किती किलोमीटर, परतल्यावर किती, डिझेल किती लिटर, कोणत्या नाल्यात पाटे तुटले, ब्रेक केव्हा ढिले झाले. त्यात एकही विशेषण नव्हते. शेवटी अधिकाऱ्याची स्वाक्षरी असे, म्हणजे खोट्याची जबाबदारी कोणावर, हेही निश्चित असे. गाडीविषयी इतके प्रामाणिक गद्य त्यानंतर आमच्या वाचनात आले नाही.

आता आमचाच अपराध सांगतो. २०१२ साली इंदूरच्या पुतण्याने नवी गाडी घेण्याविषयी आमचा सल्ला विचारला. आम्ही सदराचे एक कात्रण त्याला पाठविले. त्यात गाडीचे रंग, संगीतयंत्रणा, एका लिटरमध्ये किती किलोमीटर, सारे होते. स्वस्त आवृत्तीत एअरबॅग नाही, हा शब्द कोठेही नव्हता. त्याने तीच आवृत्ती घेतली. पुढच्या वर्षी आष्ट्याजवळ रात्री उभ्या असलेल्या ट्रकवर गाडी आदळली. स्टिअरिंगवर छाती आपटून पुतण्या कित्येक महिने अंथरुणावर होता. मागे बसलेल्या आमच्या वहिनींनी पट्टा लावला नव्हता. मागे बसणाऱ्याने तो लावायचा असतो, हे आमच्यापैकी कोणी कधी वाचलेच नव्हते. त्या वाचल्या, पण नंतर काठीवाचून चालल्या नाहीत, आणि २०१९ साली गेल्या तोवर पुन्हा मोटारीत बसल्या नाहीत. ट्रक अंधारात उभा होता हे खरे, पुतण्याचा वेगही असेल. तरी ते कात्रण आमच्या हस्ताक्षरातील 'अवश्य घ्यावी' या शेऱ्यासह गेले होते, हे आम्ही विसरू शकत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. एअरबॅगशिवाय चाचणी दिलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच संस्थेने चार तारे दिले. एकच गाडी, एकच कारखाना. अंतर फक्त आवृत्तीचे, आणि तेच अंतर सदरांतून गाळले जात होते. चालकासाठीची एअरबॅग देशात सक्तीची झाली ती २०१९ च्या जुलैत. देशाची स्वतःची भारत एनकॅप योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून आली, आणि तीही कंपन्यांच्या इच्छेवर.

यावर उत्तर मिळते की वाचकालाच हे हवे असते. त्याला सनरूफ विचारायचे असते, धडक नव्हे. काही चांगल्या लेखकांनी त्या निकालांना ठळक जागा दिली, हेही आम्ही मान्य करतो. पण वाचकाची रुची हे कारण आम्हांस पटत नाही. रुग्णाला गोड औषध आवडते म्हणून वैद्याने साखरच द्यावी काय? वर्षानुवर्षे सनरूफविषयीच लिहिल्यावर वाचक सनरूफच विचारणार. रुची घडवली आपणच, आणि दोष त्याच्या माथी!

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. पट्टा न लावल्याने १६,७१५ जण गेले, आणि त्यांतील ८,३३१ चालक नव्हते, सोबत बसलेले होते. म्हणजे जवळजवळ निम्मे! सदरात मात्र सोबतच्यांचा उल्लेख 'पाय पसरण्यास भरपूर जागा' एवढाच. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती; महागडेपणा कामी आला नाही.

पीथमपूरला, म्हणजे आपल्याच माळव्यात, २०२१ साली ११.३ किलोमीटरची वेगवान चाचणी-धावपट्टी सुरू झाली. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण भोपाळच्या गृहस्थाची गाडी त्या पट्टीवर धावणार नाही. ती जुमेरातीच्या गर्दीत अडकेल, पावसाळ्यात खड्ड्यांतून जाईल, गुडघे दुखणाऱ्या आजीला घेऊन न्यू मार्केटला थांबेल. तिची परीक्षा तेथे व्हावी. आजीला आसनावर चढता-उतरता येते काय? मागचा पट्टा तिच्या हाताला सापडतो काय? सर्वांत स्वस्त आवृत्तीत संरक्षणाचे काय काय कमी केले आहे? समोरच्या उंच नाकाआड शाळेचे पोर झाकले जाते काय? पाच वर्षांनी दुरुस्तीचा खर्च किती? आणि लेखकाच्या प्रवासाचा खर्च कोणी दिला? हे सहा प्रश्न प्रत्येक लेखात असावेत, विशेषणे नंतर.

हा साहित्याचा विषय नव्हे, असे आपल्या सभेतील काही ज्येष्ठांना वाटेल. आम्हांस तो साहित्याचाच वाटतो. ज्या गद्यावर भिस्त ठेवून माणूस आपल्या मुलाबाळांना गाडीत बसवतो, ते गद्य खरे असावे, याहून मोठी वाङ्मयीन कसोटी कोणती? उस्तादांचे शिक्षण चौथीपर्यंतचे होते. पण त्यांच्या लॉगबुकात लिहिलेला ब्रेक ढिला असेल तर गाडी दुसऱ्या दिवशी कचेरीबाहेर पडत नसे. परीक्षक म्हणवणाऱ्यांनी निदान तेवढे तरी लिहावे, आणि तोवर त्यांची कात्रणे आपण कोणी कोणास पाठवू नयेत.