‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके कोणाचे डाऊन?

कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. येथील वस्तीतल्या अभ्यासिकेला दिवाळीआधी एक जुना संगणक देणगीत मिळाला. शहरातल्या कुठल्याशा कार्यालयाने नवे संगणक घेतले, जुने काढले, त्यातला एक आमच्या वाट्याला आला. पोरांनी तो पुसून-पासून टेबलावर ठेवला. मोबाइल वायरने जोडला, ब्राउझर उघडला आणि पडद्यावर अक्षरे आली : इंटरनेट नाही.

त्या दिवशी बी.ए.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली होती. आई-वडील कापूस वेचायला गेलेले. तिने स्वतःचाही दोन दिवसांचा रोज बुडवला होता. ऑनलाइन सेंटरवर ती दोनदा जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा एकच उत्तर मिळाले होते : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या ये." आता इथेही तेच. ती म्हणाली, "दादा, आपल्या नशिबातच नेट नाही बघा."

मित्रहो, आम्हाला खटकला तो ‘नशीब’ हा शब्द. ज्या समाजाने नशीब, प्रारब्ध, पूर्वसंचित ही सगळी गाठोडी १९५६ साली नागपुरात खाली ठेवली, त्याच समाजातली शिकणारी मुलगी संगणकासमोर बसून पुन्हा नशीबच म्हणते. का? कारण दोष कुठे आहे हे तिला कोणी कधी सांगितलेलेच नाही. ज्याचे कारण दिसत नाही त्याला माणूस नशीब म्हणतो.

म्हणून त्या दिवशी आम्ही ठरवले, आधी कारण शोधायचे. पहिला प्रश्न : इंटरनेट खरोखरच नाही का? त्याच मोबाइलवर व्हॉट्सॲपचे मेसेज येत होते. म्हणजे टॉवर चालू, रिचार्ज शिल्लक. दुसरा प्रश्न : संगणकापर्यंत ते पोचते का? काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, ‘पिंग ८.८.८.८’ एवढेच टाइप केले आणि उत्तर आले. म्हणजे वायरही ठीक. तिसरा प्रश्न : मग ब्राउझरच का अडतो? तेव्हा आम्ही ‘इंटरनेट नाही’ या ठळक अक्षरांखालची बारीक ओळ प्रथमच वाचली. प्रॉक्सी सर्व्हरमध्ये काहीतरी गडबड आहे, असे तिथे लिहिले होते.

प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. मोठ्या कार्यालयांत प्रत्येक संगणक थेट बाहेर जात नाही. तो आधी कार्यालयाच्या एका मशीनला विचारतो आणि त्या मशीनने परवानगी दिली की बाहेर पडतो. आमचा संगणक ते कार्यालय सोडून मराठवाड्यातल्या वस्तीत आला, पण आतली सेटिंग तशीच राहिली. आमच्या टेबलावर बसून तो रोज जुन्या मालकाला विचारत होता, "जाऊ का?" तिकडून उत्तर येणे शक्यच नव्हते. सेटिंगमध्ये ‘नेटवर्क आणि इंटरनेट’ उघडून प्रॉक्सी बंद केली, एका बटणाचे काम!

लगेच दुसरी अडचण आली : "तुमचे घड्याळ मागे आहे." संगणक कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवत होता. आत मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो. आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ब्राउझर ती आजच्या तारखेशी ताडून पाहतो. तारीख दुरुस्त केली. सेल दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानातून आणला. अर्ज मात्र त्याच संध्याकाळी गेला.

इथे काही मित्र विचारतील, हे सगळे मेकॅनिकचे काम, चळवळीचा याच्याशी काय संबंध? आमचे म्हणणे असे की संबंध थेट आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, तो हा काळ. आज महाराष्ट्रात त्या शिष्यवृत्तीचा दरवाजा महाडीबीटी हे पोर्टल आहे. हक्क तोच, पण आत जायची वाट आता ब्राउझरमधून जाते. आणि ब्राउझर कोणाच्या घरी आहे? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशातल्या ग्रामीण भागात १०० पैकी जेमतेम ४ घरांत संगणक होता, इंटरनेटची सोय १५ घरांत. त्यानंतर मोबाइल घरोघर पोचले हे खरे. पण पाच इंचांच्या पडद्यावर दाखले अपलोड करणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा, मोबाइल असणे आणि अर्ज भरता येणे यात किती अंतर आहे ते!

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांसोबत माणसे स्वतः तळ्यावर गेली तेव्हा. गावोगावी फायबर पोचवण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली, पुढे तिचेच नाव भारतनेट झाले. डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले. ठराव आहे, योजना आहे, निकालही आहे. तळ्यापर्यंत चालत जाण्याचे काम मात्र आजही आपलेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्ही स्वतःलाही विचारला. सगळा भार गरिबावरच का? पोर्टल बंद पडते शासनाचे, टॉवर बंद पडतो कंपनीचा, आणि आम्ही पोरांना सेटिंग शिकवत बसायचे? हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर न शिकणे हे नव्हे. आपल्या बाजूचा दोष तपासून बाजूला केल्याशिवाय समोरच्याचा दोष सिद्ध करता येत नाही. "नेट नाही" अशी तक्रार घेऊन गेलात तर साहेब म्हणणार, तुमच्याच गावाला रेंज नसेल. विषय तिथेच संपला.

म्हणून पडद्यावरचे आकडे वाचायला शिका. आकडा ५ ने सुरू होत असेल, म्हणजे ५००, ५०२, ५०३, ५०४, तर तुमचे इंटरनेट चालू आहे. तुमची विनंती पलीकडे पोचली आणि बहुतेक वेळा त्यांचा सर्व्हर उत्तर देऊ शकला नाही. ४०४ आला तर त्या पत्त्यावर ते पानच नाही. पत्ता पुन्हा तपासा. ‘इंटरनेट डिस्कनेक्टेड’ आले तर दोष तुमच्या खोलीत : वायर, वायफाय, एअरप्लेन मोड, डेटा पॅक. ‘डीएनएस’ हा शब्द दिसला तर संकेतस्थळाचे नाव आकडी पत्त्यात बदलणारी यंत्रणा अडली आहे, किंवा तुम्ही नाव चुकीचे लिहिले आहे. ‘टाइम्ड आउट’ आले तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून तेच पान उघडून पाहा. तिथेही नाही उघडले तर संशय पलीकडच्या सर्व्हरवर. एकच ब्राउझर अडत असेल तर इन्कॉग्निटो खिडकीत किंवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहा. तिथे चालले तर जुना कॅशे किंवा एखादे एक्स्टेंशन आड येते आहे.

ज्याने ही तपासणी केली त्याची तक्रार बघा कशी होते : "तीन दिवस, दुपारी १२ आणि ४ वाजता, दोन कंपन्यांच्या नेटवर, ५०३. स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत." असा अर्ज समाजकल्याण सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. मुदतवाढ मागायची तर हाच पुरावा. दोष कंपनीचा असेल तर तक्रार क्रमांक मागा, निवारण झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा; दूरसंचार नियमांत ही दुसरी पायरी दिलेली आहे.

आणि एक दोष असा आहे की जो कुठल्याच सेटिंगने दुरुस्त होत नाही. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी आरक्षण आंदोलनाच्या तणावात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद ठेवण्यात आले. आंदोलनाच्या बाजू-विरोधाचा हा प्रश्न नाही. बटण बंद झाले की सगळ्याच जातींच्या पोरांचे अर्ज थांबतात. सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी स्पष्ट केले आहे की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. म्हणून अशा दिवशी राउटर चालू-बंद करत बसू नका. आदेशाची प्रत मागा आणि तेवढी मुदत वाढवून मागा.

कार्यकर्त्यांना आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत, वसतिगृहात एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोणते पान, कोणता संदेश, काय करून पाहिले, काय झाले, असे रकाने आखा. हे काम आधी मुलींच्या हातात द्या, कारण सेंटरवर संध्याकाळी उशिरापर्यंत रांगेत थांबणे त्यांनाच सर्वांत अवघड जाते. जयंतीच्या वर्गणीतून एक जास्तीचा सेल, एक चांगली वायर आणि दुसऱ्या कंपनीचे एक सिम घ्या. डीजेच्या एका तासाच्या पैशांत हे सगळे बसते, हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. राग आला तरी हिशेब करून पाहा.

ती मुलगी आता आमच्या अभ्यासिकेची वही सांभाळते. परवा शेजारच्या आळीतला एक पोरगा आला आणि म्हणाला, "अक्का, सर्व्हर डाऊन आहे म्हणतेत." तिने वही पुढे ओढली आणि विचारले, "कोण म्हणतंय? आकडा कोणता आला ते सांग."

जय भीम!