मुलगा पिऊन घरी आला तर...

मैत्रिणींनो,

परवा तिरोड्याहून एका भगिनीचे पत्र आले. मुलगा गोंदियाला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, खोली करून राहणारा. दिवाळीत घरी आला, मित्रांबरोबर शेजारच्या गावची मंडई बघायला गेला आणि रात्री दोघांनी धरून दारात आणून सोडला. ती लिहिते, ‘वहिनी, मी त्याचे कपडे रातोरात धुतले आणि सकाळी ह्यांना सांगितले, पित्त झाले होते. आता माझ्याच जिवाला चैन नाही. ह्यांना सांगू की नको?’

बाई, सांगाच. पण त्याआधी ‘त्या रात्री काय करायचे’ ते सगळ्यांनीच नीट समजून घ्या.

लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी यांतल्या कशानेही नशा उतरत नाही. पोटात गेलेली दारू शरीर आपल्याच गतीने निचरते, त्याला तास लागतात. डोक्यावर गार पाणी ओतू नका आणि रागाच्या भरात खोलीत एकटे कोंडूनही ठेवू नका. उताणे झोपले की उलटी घशात अडकून जीव जाऊ शकतो. म्हणून कुशीवर झोपवा आणि उशाशी बसा. हाक मारूनही डोळे उघडत नसतील, श्वास फार संथ असेल, अंग गार किंवा ओठ निळे पडले असतील, तर १०८ ला फोन करा. तेव्हा ‘शेजारचे काय म्हणतील’ हा विचार नको.

दुसरी गोष्ट मोहाची. फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचणारे हात आपल्याच भागातले, त्यामुळे मोह कुणाला परका वाटत नाही. ‘मोहाची आहे, औषधी असते,’ असे मुले सांगतात. अहो, फूल गुणाचे असले तरी गाळलेली दारू ती दारूच. चोरून गाळलेल्या बाटलीत किती मद्य आहे आणि वर काय मिसळले आहे, हे कोण सांगणार? मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. पिऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागले, तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

कायदाही मुलाच्या कानावर घाला. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे पुरी असावी लागतात. दुसऱ्या वर्षातला मुलगा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आता बोलायचे कधी? नशेत असताना मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी, जेवणे झाल्यावर, वडिलांसमक्ष. रडारड नको, शपथा नकोत. किती प्यायलास, कितव्यांदा, पैसे कुठले, गाडी कोण चालवत होते, एवढे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. पुढच्या महिन्यापासून भाडे घरमालकाला आणि जेवणाचे पैसे खाणावळीत परस्पर द्या. हातखर्च मोजका ठेवा.

आणि एक कडू गोष्ट. होळीला, लग्नाच्या वरातीत पुरुषमंडळी मागच्या खोलीत ‘बसतात’, तेव्हा भजी तळून कोण देते? आपणच ना? पोरगे दाराआडून ते बघतच मोठे होते. म्हणून ह्यांना नुसते ‘पोराने घेतली’ एवढेच सांगू नका. ‘आपल्या घरात आता ही बैठक नको’ हेही सांगा. जड जाईल, घरात दोन दिवस अबोला होईल. होऊ द्या. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे बायकांनीही तोंड उघडले होते. आपल्याला तर एका घरापुरतेच उघडायचे आहे.

एकदा घेतली म्हणजे मुलगा वाया गेला, असे नाही. पण वरचेवर होऊ लागले, पैसे चोरीला जाऊ लागले, अभ्यास सुटला, तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

तिरोड्याच्या ताई, कपडे धुतलेत ते आईच्या मायेने. पण पित्ताचे निमित्त दुसऱ्यांदा सांगू नका. पुढच्या खेपेला मुलगा त्याच निमित्ताच्या भरवशावर पिऊन येईल.

तुमची,
वहिनी